हमरस्त्यावर किती वेगाने जावे? : इंधनाच्या हिशेबाची एक मांडणी

गाडी विकत घेताना, उसनी घेताना, किंवा नुसती शेजाऱ्याच्या दारात उभी असलेली पाहताना आपल्याकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो : "ॲव्हरेज किती देते?" उत्तरही ठरलेले असते. अठरा, बावीस, चोवीस. पण हे ॲव्हरेज कोणत्या वेगाला, असे सहसा कोणी विचारत नाही, आणि वास्तविक मुख्य प्रश्न तोच आहे. तीच गाडी, तोच चालक, तोच बेळगाव-हुबळी रस्ता. ताशी ६० किलोमीटरऐवजी १२० ने गेल्यास लिटरमागे नऊ-साडेनऊ किलोमीटर कमी पडतात. हे का घडते, आणि इंधन सर्वात कमी लागेल असा एखादा वेग खरोखरच असतो काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्याला बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आणि किंचित विकलन एवढी शिदोरी पुरते. कला व वाणिज्य शाखेच्या वाचकांनी समीकरणाची ओळ ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. निष्कर्ष साध्या आकड्यांतच सांगितले आहेत.

या विषयावर दोन आकडे फार वर्षे प्रचारात आहेत, आणि योगायोगाने दोन्ही पंचावन्नच आहेत. पहिला अमेरिकेचा. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली तेव्हा अध्यक्ष निक्सन यांनी मोटारींना ताशी ५० मैल व ट्रक-बसना ५५ मैल अशी मर्यादा सुचवली होती. ट्रकवाल्यांचे म्हणणे असे की आमच्या गाड्यांचे गिअर वरच्या वेगासाठी जुळवलेले आहेत, हळू चालवल्यास तेल अधिकच जळेल. शेवटी सर्वांना मिळून ५५ मैल ठरले आणि २ जानेवारी १९७४ रोजी त्या कायद्यावर सही झाली. ही मर्यादा १९८७ मध्ये ग्रामीण महामार्गांपुरती ६५ मैलांपर्यंत सैल करण्यात आली व १९९५ मध्ये रद्द झाली. ५५ मैल म्हणजे आपले सुमारे ८८ किलोमीटर. दुसरा आकडा आपल्या देशातला. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजे पीसीआरए, ही संस्था चालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग राखण्याचा सल्ला देत आली आहे. एकीकडे ८८, दुसरीकडे फार तर ५५. दोन्ही आकडे तेल वाचवण्यासाठीच काढलेले. मग खरे कोणाचे मानावे? हे ठरवण्यासाठी गाडीला पुढे ढकलताना तेल नेमके कशाकशावर खर्च होते ते पाहू.

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या गाडीला दोन विरोध सोसावे लागतात. एक चाकांचा. टायर रस्त्याला टेकतो तेथे तो दर फेऱ्याला दबतो आणि पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लांब प्रवासानंतर टायरला हात लावून पाहा, तो कोमट लागतो. हा विरोध गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगाबरोबर फारसा बदलत नाही. वजनाच्या साधारण १.२ टक्के इतका तो धरता येतो. माणसांसकट १,१०० किलोग्रॅम भरणारी लहान मोटार घेतली तर तो सुमारे १३० न्यूटन येतो.

दुसरा विरोध हवेचा. गाडी हवेला बाजूला सारत जाते आणि हा वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यात हवेची घनता, गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि तिच्या आकाराचा गुणांक हे तीन घटक येतात. समोरचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर, गुणांक ०.३५ आणि हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली की वायुरोध बरोबर ०.४२ गुणिले वेगाचा वर्ग, असे सूत्र मिळते; वेग अर्थात मीटर प्रति सेकंदात. ताशी ४० ला हा वायुरोध अवघा ५२ न्यूटन असतो. ताशी ६३ च्या सुमारास तो चाकांच्या विरोधाची बरोबरी करतो. ८० ला २०७, १०० ला ३२४ आणि १२० ला ४६७ न्यूटन! सायकलवरून समोरच्या वाऱ्यात शहापूरचा चढ चढलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

येथपर्यंतचा हिशेब खरा धरला तर एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. विरोध वेगाबरोबर वाढतच जातो. अंतर तेच असल्याने ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. तेव्हा जितके हळू जाल तितके तेल कमी लागेल, आणि बैलगाडीच्या चालीने मोटार हाकणे सर्वात किफायतशीर ठरेल! हे खोटे आहे हे बाजारातल्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या कोणत्याही रिक्षावाल्याला माहीत आहे. कुठे चुकले?

चुकले असे की आपण गाडीचा हिशेब केला, इंजिनाचा केला नाही. इंजिन नुसते चालू राहण्यासाठीच तेल पिते. गाडी सिग्नलला उभी असतानासुद्धा पिस्टन सिलिंडरात घासत असतात, तेलाचा व पाण्याचा पंप फिरत असतो, डायनॅमो बॅटरी भारत असतो. पेट्रोल इंजिनात आणखी एक तोटा आहे. पाय हलका ठेवला की थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, आणि त्या फटीतून हवा ओढून घेण्यासाठी इंजिनाला दम लागतो. तोंडासमोर हात धरून श्वास घ्यावा तसा हा प्रकार आहे. डिझेल इंजिनात ही झडप त्या कामासाठी नसते, आणि कमी भारावर डिझेल गाडी सरस ठरण्याचे हे एक कारण आहे. या सर्व वरखर्चाचे वैशिष्ट्य असे की तो मुख्यतः किलोमीटरवर चालत नाही, तासांवर चालतो. घरभाड्यासारखा. दुकान चालो वा न चालो, महिना भरला की भाडे द्यावेच लागते.

आता तीनही बाबी एकत्र मांडू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली जेमतेम १० मेगाज्यूल चाकांपर्यंत पोचते असे धरू. हा आकडा मुद्दाम निवडला आहे, कारण त्यामुळे हिशेब तोंडी करता येतो : १०० न्यूटनचा विरोध १०० किलोमीटर सोसला की एक कोटी ज्यूल, म्हणजे बरोबर एक लिटर. इंजिनाचा वरखर्च तासाला १ लिटर धरू. मग १०० किलोमीटरला लागणारे लिटर ख आणि ताशी किलोमीटरमधला वेग व यांचा संबंध असा येतो :

ख = १.३ + (१०० ÷ व) + ०.०००३२४ × व²

पहिला रस्त्याचा वाटा, दुसरा घड्याळाचा वाटा, तिसरा वाऱ्याचा वाटा. वेग वाढला की घड्याळाचा वाटा घटतो आणि वाऱ्याचा वाढतो. एक उतरतो, दुसरा चढतो, आणि दोघांच्या मध्ये कोठेतरी तळ सापडतो. वानगीदाखल काही वेगांचे आकडे काढून दिले आहेत.

ताशी २० कि.मी. : ६.४३ लिटर, म्हणजे लिटरला १५.६ कि.मी.
ताशी ३० कि.मी. : ४.९२ लिटर, म्हणजे लिटरला २०.३ कि.मी.
ताशी ४० कि.मी. : ४.३२ लिटर, म्हणजे लिटरला २३.१ कि.मी.
ताशी ५० कि.मी. : ४.११ लिटर, म्हणजे लिटरला २४.३ कि.मी.
ताशी ६० कि.मी. : ४.१३ लिटर, म्हणजे लिटरला २४.२ कि.मी.
ताशी ८० कि.मी. : ४.६२ लिटर, म्हणजे लिटरला २१.६ कि.मी.
ताशी १०० कि.मी. : ५.५४ लिटर, म्हणजे लिटरला १८ कि.मी.
ताशी १२० कि.मी. : ६.८० लिटर, म्हणजे लिटरला १४.७ कि.मी.

तळ नेमका कोठे आहे हे विकलनाने काढता येते. ख चा व शी विकलज घेऊन तो शून्याबरोबर मांडला की १०० भागिले व² बरोबर ०.०००६४८ व, म्हणजे व³ बरोबर सुमारे १,५४,३०० आणि व बरोबर ५३.६. पीसीआरएचा ४५ ते ५५ चा सल्ला आपल्या काल्पनिक मोटारीला असा चपखल बसतो.

या समीकरणातून आणखी दोन गोष्टी निघतात, आणि माझ्या मते त्या मुख्य उत्तराहून अधिक मोलाच्या आहेत. पहिली : तळाच्या ठिकाणी घड्याळाचा वाटा वाऱ्याच्या वाट्याच्या बरोबर दुप्पट असतो. ताडून पाहा. ५३.६ ला घड्याळाचा वाटा १.८७ आणि वाऱ्याचा ०.९३ लिटर येतो. कोणतीही गाडी घ्या, हे दुपटीचे नाते कायम राहते. दुसरी : विकलज घेताना १.३ हा स्थिरांक गळून पडतो. याचा अर्थ गाडीत दोन माणसे बसोत की पाच, वजनामुळे खर्च वाढेल, पण काटकसरीचा वेग तोच राहील. शंभर किलो वजन वाढले की १०० किलोमीटरला फक्त सव्वाशे मिलिलिटरच्या आत-बाहेर पेट्रोल अधिक लागते. याउलट टपावर कॅरिअर लावून मीटरभर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच सामान बांधले तर समोरचे क्षेत्रफळ २ चे २.४ चौरस मीटर होते, वाऱ्याचा वाटा पाचव्या हिश्श्याने वाढतो, आणि ताशी ८० ला सुमारे ४०० मिलिलिटरचा फटका बसतो. लग्नाचे सामान डिकीत कोंबावे, टपावर बांधू नये, एवढे तरी यातून कळावे.

वातानुकूलन यंत्राचा परिणाम गमतीचा आहे. ते तासावर तेल खाते, म्हणून त्याचा बोजा घड्याळाच्या वाट्यात पडतो. वरखर्च तासाला १ लिटरवरून १.४ लिटर झाला तर काटकसरीचा वेग ५३.६ वरून थेट ६० वर सरकतो आणि खर्च ४.८० लिटर होतो. थंड हवा खाणाऱ्याने जरा घाई करावी, असे गणितच सांगते. विजेच्या मोटारीत नेमके उलटे घडते. तिच्या मोटरला उभ्याने काही लागत नाही. वरखर्च उरतो तो दिवे, पंखे व इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा. घड्याळाचा वाटा इतका लहान झाल्यावर तळ ताशी ३० च्या आसपास येऊन ठेपतो. गावात भरपूर चालणारी विजेची गाडी हमरस्त्यावर ताशी १०० ने नेली की तिची बॅटरी भराभर का उतरते, याचे कोडे येथे सुटते.

मग अमेरिकेचे ८८ किलोमीटर सर्वस्वी चूक होते काय? तसे नाही. तो आकडा भौतिकशास्त्राने दिलेला तळ नव्हता. ७०-७५ मैलांनी धावणाऱ्या देशाला मान्य होईल अशी ती तडजोड होती. आणि तिचा मोठा लाभ इंधनापेक्षा निराळ्याच ठिकाणी दिसला. १९७३ मध्ये तेथे रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसे दगावली होती, १९७४ मध्ये तो आकडा ४५ हजारांवर आला. अर्थात टंचाईमुळे लोकांचे हिंडणेच कमी झाले होते, तेव्हा सगळे श्रेय वेगमर्यादेला देता येणार नाही.

दुसरे असे की आजच्या गाड्यांचा तळ थोडा वर सरकला आहे. आपल्याकडचा जुना सल्ला ॲम्बॅसडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या काळात रुजला. त्या दोन्ही गाड्यांना चारच गिअर होते. अंगाने बोजड, चेहऱ्याने सपाट. ऐंशी-नव्वदला इंजिन किंचाळू लागे. आताच्या गाड्यांना पाच-सहा गिअर असतात, आणि शेवटचा गिअर साठच्या खाली टाकला तर गाडी कण्हू लागते. पंचावन्नला चालवायचे म्हणून चौथ्या गिअरमध्ये जावे लागत असेल तर इंजिनाचे फेरे वाढतात आणि मिळवलेले हातचे जाते. म्हणून आजच्या बऱ्याच मोटारींचा प्रत्यक्ष तळ ६० ते ८० च्या पट्ट्यात सापडतो. नियम असा सांगता येईल : सर्वात वरचा गिअर जेथे इंजिनाला न कण्हवता टाकता येतो, त्याच्या थोडा वरचा वेग. ५५ हा आकडा मंत्रासारखा घोकण्यात अर्थ नाही.

आपले समीकरण ढोबळ आहे, पण हवेतले नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने ७४ गाड्यांच्या आकड्यांवरून काढलेली सरासरी अशी आहे : वेग ५० वरून ६० मैलांवर, म्हणजे ८० वरून ९७ किलोमीटरवर नेला की इंधनाचे ॲव्हरेज १२.४ टक्के घटते. ९७ वरून ११३ वर नेला की आणखी १४ टक्के. आपल्या समीकरणात हेच आकडे १४ आणि १५ येतात. तीन ओळींच्या गणिताकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

आता पैशाकडे वळू, कारण आपल्या भागात हा प्रश्न हौशी मोटारवाल्यापेक्षा वडापच्या जीपवाल्याचा आणि भाड्याची टॅक्सी चालवणाऱ्याचा अधिक आहे. तेल त्याच्या खिशातून जाते, आणि खेपा कमी झाल्या तर भाकरीही त्याच्याच ताटातून जाते. त्याला नुसते "हळू चालव" असे सांगणे हा शहाणपणाचा आव आहे. त्याला खरे हवे आहे ते मिनिटाचे मोल. बेळगाव ते हुबळी ढोबळ मानाने १०० किलोमीटर धरू. आपल्या मोटारीला ५४ च्या वेगाने १ तास ५१ मिनिटे आणि ४.१० लिटर लागतात. ८० ने गेल्यास १ तास १५ मिनिटे व ४.६२ लिटर. म्हणजे ३६ मिनिटे वाचली आणि अर्धा लिटर गेला. एका मिनिटाला साधारण १५ मिलिलिटर पडले. ८० वरून १०० वर गेल्यास १५ मिनिटे वाचतात आणि ९२० मिलिलिटर जातात, मिनिटाला ६१. १०० वरून १२० वर गेल्यास दहाच मिनिटे वाचतात आणि सव्वा लिटर जाते, मिनिटाला १२६! पहिले वाचवलेले मिनिट स्वस्त, शेवटचे आठपट महाग. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले तर हे मिनिट दीड रुपयाला, सहा रुपयांना, की साडेबारा रुपयांना घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्याची खेप दिवसातून चारदा व्हायची आहे त्याने ७०-८० ने जावे यात मला गैर काही दिसत नाही. १२० ने जाणाऱ्याने मात्र हुबळीला पोचल्यावर त्या दहा मिनिटांचे काय केले, हे स्वतःशी विचारावे.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. किलोमीटर-प्रति-लिटर हे माप आपल्याला फसवते. जाताना २४ आणि येताना १६ मिळाले तर सरासरी २० असे आपण पटकन म्हणतो. पण १०० किलोमीटर जायला ४.१७ आणि यायला ६.२५ लिटर लागले. २०० ला १०.४२ लिटर, म्हणजे सरासरी १९.२. ही हरात्मक सरासरी आहे, अंकगणिती नव्हे. म्हणून इंधनाचा हिशेब नेहमी लिटर-प्रति-अंतर असा करावा. महाराष्ट्राच्या एस.टी.त दर दहा लिटरला किती किलोमीटर, असा हिशेब ठेवतात. आकडे मोठे दिसतात आणि चालकाचालकातला फरक ठळक होतो हे खरे, पण सरासरी काढतानाचा धोका तेथेही राहतोच.

आतापर्यंत रस्ता सपाट आणि हवा शांत धरली होती. आपला मुलूख तसा नाही. आधी वारा घेऊ. ताशी ८० ने जाताना समोरून २० चा वारा असेल तर हवेच्या दृष्टीने आपण १०० ने जात असतो आणि वायुरोध २०७ ऐवजी ३२४ न्यूटन होतो. परतताना तोच वारा पाठीशी असेल तर ११७. दोहोंची सरासरी २२०. म्हणजे जाऊन-येऊन वारा फिटला असे होत नाही, थोडे नुकसान पदरी पडतेच. वर्गाचे हे लक्षण आहे. मृगापासून आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुरू होतो तेव्हा गोव्याकडे उतरणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या गाड्यांच्या ॲव्हरेजमधला फरक सगळाच घाटामुळे नसतो. उलट एक सवलतही आपल्याला आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर असल्याने येथली हवा पणजीच्या मानाने सात-आठ टक्के विरळ आहे, आणि वाऱ्याचा वाटा तितकाच कमी.

घाटाचा हिशेब सोपा आहे. १,१०० किलोची गाडी ७५० मीटर वर चढवायला ८ मेगाज्यूल लागतात, म्हणजे ८०० मिलिलिटर पेट्रोल. पणजीहून चोर्ल्याच्या मार्गे बेळगावला येणाऱ्याने एवढा कर उंचीला भरलाच पाहिजे. वेग कोणताही असो. उतरताना तो परत मिळतो का? काही अंशी. येथे एका जुन्या सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. तवंदी घाट किंवा चोर्ला घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, प्रसंगी किल्लीच फिरवायची, असा कित्येक चालकांचा प्रघात असतो. कार्बुरेटरच्या जमान्यात या सवयीला निदान काही आधार होता, कारण गिअरमध्ये उतरतानाही इंजिन थोडे पेट्रोल ओढतच असे. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून पाय उचलला की संगणक तेलाचा पुरवठा पूर्ण तोडतो. चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये टाकले की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पुन्हा तेल पाजावे लागते. म्हणजे घाटात न्यूट्रल मारणारा तेल वाचवत नसतो, जाळत असतो, आणि वर इंजिनाचा आवर गमावून सगळा भार ब्रेकवर टाकतो. किल्ली फिरवली तर ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि स्टिअरिंग जड होते, कदाचित कुलूपबंदही होते. वळणावर दरी असते. वाचलेल्या पेट्रोलच्या भ्रमापायी घेण्याजोगा हा धोका नाही.

थांबण्याचाही खर्च आहे. ताशी ८० ने चाललेल्या आपल्या मोटारीत २७२ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबून उभे राहिले की ती चाकांत उष्णता होऊन संपते आणि पुन्हा ८० गाठायला सुमारे २७ मिलिलिटर पेट्रोल पडते. १०० ने जाणाऱ्याला दर थांब्याला ४२. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत भरधाव जाऊन शेवटच्या पन्नास मीटरवर ब्रेक दाबणारा आणि अर्धा किलोमीटर आधीच पाय उचलून गडगडत येणारा, दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

ज्यांना हे सर्व कागदावरचे वाटते त्यांनी स्वतः मोजून पाहावे. टाकी फुल्ल करून मोजण्याची प्रचलित रीत शंभर किलोमीटरसाठी निरुपयोगी आहे, कारण पंपाचा नळ बंद होण्यातच अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो, आणि आपल्याला शोधायचा आहे तो फरकही अर्ध्या लिटरचाच. त्यासाठी निदान चार-पाचशे किलोमीटर तरी एका वेगाने जावे लागेल. याहून चांगला प्रयोग घड्याळाने होतो. सपाट, मोकळ्या, रहदारी नसलेल्या रस्त्यावर अनुभवी चालकाने ८५ पर्यंत वेग घेऊन गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने वेग ८० वरून ७० वर यायला किती सेकंद लागले आणि पुढे ४५ वरून ३५ वर यायला किती लागले ते नोंदवावे. समजा ९.८ आणि १६.८ सेकंद आले. दोन्ही वेळा वेग सेकंदाला २.७८ मीटरने कमी झाला. त्याला सेकंदांनी भागून १,१०० किलोने गुणले की सरासरी विरोध ताशी ७५ ला ३१२ आणि ताशी ४० ला १८२ न्यूटन मिळतो. दोन समीकरणे, दोन अज्ञाते : वायुरोधाचा गुणक ०.४२ आणि चाकांचा विरोध १३० न्यूटन. फिरत्या चाकांचे जडत्व यात धरलेले नाही, त्याने दोन-चार टक्क्यांचा फरक पडेल. रस्त्याचा लपलेला उतार आणि वारा यांचा परिणाम बराचसा निघून जावा म्हणून प्रयोग दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्यावी. गाडीचे वजन आर.सी. बुकात असते; त्यात बसलेल्यांचे वजन मिळवावे.

वेगमापकावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. तो खऱ्यापेक्षा थोडा अधिकच वेग दाखवतो. कमी दाखवणे नियमात बसत नाही, म्हणून कारखानदार सुरक्षित बाजूला राहतात. तपासण्याचा उपाय जुनाच आहे. काटा ६० वर स्थिर धरावा आणि रस्त्याकडेच्या एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ घ्यावा. साठ सेकंद भरले तर काटा खरा. त्रेसष्ट-चौसष्ट भरले तर खरा वेग ५६-५७ आहे असे समजून पुढचे सगळे आकडे त्या हिशेबाने दुरुस्त करून घ्यावेत.